पट कमी, रकाने जास्त

जिल्हा परिषदेच्या वाडीवरच्या शाळेत वर्ग पाच, शिक्षक दोन. वर मात्र केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशी रांग थेट मंत्रालयापर्यंत लागलेली. या सगळ्यांना एकच प्रश्न छळतो: माहिती भरली का? यू-डायसवर भरा, सरलवर भरा, एक्सेलमध्ये पाठवा आणि 'कागदावरही द्या हो, सही-शिक्क्यासह.' खिचडीला पाचवीपर्यंतच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावीपासून 150. हा हिशेब रोज मांडून गुरुजींचं त्रैराशिक पक्कं झालंय, पोरांचं राहिलं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. त्यावर तोडगा सोपा आहे. उरलेली सगळी कामं शैक्षणिक समजायची!

2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायची टूम निघाली. पोरं बसनं येतील म्हणे. पावसाळ्यात जिथं एसटी फिरकत नाही, तिथं ही बस कोणत्या रस्त्यानं येणार, हा रकाना तेवढा कुठल्याच तक्त्यात नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असं तोच कायदा सांगतो. तुमचं नाव त्यात असेल, तर पुढच्या बैठकीत सही ठोकण्याआधी इतिवृत्त वाचायला मागा. चहा नंतर घ्या.