फायास : परदेशस्थ मराठी कुटुंबासाठी नियमावली

व्हॅलेन्सियात नव्याने बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबांच्या माहितीसाठी ही नियमावली प्रसृत करण्यात येत आहे. सणाचं नाव फायास. मुख्य दिवस १५ ते १९ मार्च. आवाज १ मार्चपासून. गल्लोगल्लीची मंडळं वर्षभर खपून पुतळ्यांचे मनोरे उभारतात आणि १९ तारखेला, सेंट जोसेफच्या दिवशी, रात्री ते जाळून टाकतात. नुसत्या शहरात अशी साडेतीनशेहून जास्त मंडळं आहेत. २०१६ साली युनेस्कोने या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. यादी करणाऱ्यांच्या खिडकीखालून सकाळी आठ वाजता फटाके लावत बँड गेलेला नसावा.

या नियमावलीत ‘कुटुंबप्रमुख’ म्हणजे माझा नवरा. इतर घरांतही असा एखादा इसम सापडेल.

नियम १ : वर्गणी. पुण्यात असताना गणपतीच्या वर्गणीवाली पोरं जिन्यात दिसली की कुटुंबप्रमुख दिवा मालवून, टीव्हीचा आवाज बंद करून, श्वास रोखून बसत असे. एका वर्षी पोरांनी बाहेरून ओरडून सांगितलं, “काका, पंखा फिरतोय!” तोच हा इसम. इथे गल्लीतल्या मंडळाचा तळमजल्यावर हॉल असतो, त्याला कासाल म्हणतात. आत बार, फ्रीज, आणि भिंतीवर वर्षावर्षाच्या मानकरणींचे फोटो. तिथे बसून त्याने दरमहा बँकेतून परस्पर वर्गणी कापून घेण्याच्या कागदावर सही केली, आणि काही सवलत आहे का, एवढंही विचारलं नाही. आमच्या लग्नात कार्यालयवाल्याला त्याने दोनदा विचारलं होतं.

वर्गणी द्यावी. नाही दिली तरी मंडप, बंद रस्ता आणि पहाटेपर्यंतचं नाचगाणं तुमच्या दारासमोर होणारच आहे. दिली तर निदान बिअर स्वस्तात मिळते.

नियम २ : मास्क्लेता. १ ते १९ मार्च, दुपारी दोन वाजता, नगरपालिकेसमोरच्या चौकात. फटाके दिवसाढवळ्या उडवतात, त्यामुळे बघण्यासारखं काही नसतं, नुसता धूर. हे ऐकायचं असतं. बाल्कनीतून शहराची त्या वर्षीची मानकरीण आतषबाजीवाल्याला सुरुवात करायला सांगते, आणि पुढची पाच-सात मिनिटं आवाज चढत चढत जातो. शेवटी शेवटी फरशी आणि बरगड्या एकदमच हलायला लागतात. जाणत्यांचा सल्ला असा की कान झाकू नयेत, तोंड उघडं ठेवावं. (कुटुंबप्रमुखाचं असतंच.) तासभर तरी आधी पोहोचावं. डोक्याला टोपी हवी. मेट्रोने येणाऱ्यांनी चौकाला खेटून असलेल्या स्टेशनाच्या अलीकडेच उतरून चालत यावं.

संपल्यावर लोक टाळ्या वाजवतात आणि कालचा बरा की आजचा, ताल कुठे ढिला पडला, यावर वाद घालत जेवायला जातात. सवाई गंधर्वला हमखास डुलकी काढणारा माझा नवराही हल्ली “मधला भाग जरा पातळ झाला” असं म्हणतो आणि शेजारी मान डोलावतात.

घरून काम करणाऱ्यांसाठी पोटनियम : दुपारचे दोन म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. त्या वेळी ऑफिसचा कॉल ठेवू नये. पुण्याची मंडळी घाबरतात, “सर, तुम्ही सेफ आहात ना?” असं विचारतात, आणि सर खिडकी आणखी उघडतात.

नियम ३ : १५ ते १९ मार्च गाडी काढू नये. काढलीच तर परत आणायचा प्रयत्न करू नये.

नियम ४ : पोशाख. घरात मुलगी असेल तर तिला फायेरा, म्हणजे पारंपरिक पोशाखातली मंडळाची सदस्य, व्हायचं असतं. हातमागावरच्या खऱ्या रेशमाचा नवा पोशाख हजारो युरोंच्या घरात जातो. तेव्हा कासालमधल्या आयांशी सप्टेंबरपासून गोड बोलावं. कुणाच्या ना कुणाच्या मुलीची उंची वाढलेली असते. केसांचा एक मोठा अंबाडा मागे, दोन छोटे कानांवर, तिन्हींवर सोनेरी कंगवे. पिना किती लागतात? डबी संपेपर्यंत. या पोशाखावर मनगटी घड्याळ चालत नाही, गॉगल चालत नाही, च्युइंगगम तर नाहीच. एरवी दहाच्या कार्यक्रमाला अकराला उगवणाऱ्या या शहरात पिन कुठे लागली यावर मात्र मिलिमीटरचं भांडण होतं.

घागऱ्याखाली फुगारा असतो आणि तो घातला की तासन्‌तास उतरवता येत नाही. म्हणून आधी बाथरूम, मग फुगारा. बाकी सगळी नियमावली विसरलात तरी चालेल.

नियम ५ : आजी-आजोबा. थंडी सरली म्हणून ते नेमके मार्चमध्ये येतात. जेट लॅगमुळे पहाटे तीनला जागे असतात, पण तेव्हा सगळी गल्लीच जागी असल्याने त्यांना एकटं वाटत नाही. श्रवणयंत्र पेटीत ठेवायला सांगावं. १७ आणि १८ तारखेला त्यांना मिरवणुकीला न्यावं. त्या दोन दिवशी सगळी मंडळं वाजतगाजत माता मरीयेला फुलं वाहायला जातात. तिच्या चौकात लाकडी सांगाड्याची उंचच उंच मूर्ती असते. वर चढलेले पुरुष खालून फेकलेले गुच्छ झेलून सांगाड्यात खोचतात आणि फुलांचा झगा विणत नेतात. सासूबाईंनी निघताना नारळ पिशवीत घातला होता. देवीला रिकाम्या हातानं कसं जायचं? फुलं आहेत ना आई, असं म्हटलं तर, “फुलं वेगळी, नारळ वेगळा.” नारळ परत आला, त्याची बर्फी झाली.

या मिरवणुकीत तासन्‌तास रखडावं लागतं. बायका कंटाळलेल्या असतात, बुटांनी पाय सोललेले असतात, आणि चौकाच्या तोंडाशी वळल्या की धाय मोकलून रडतात. माझी मुलगीही रडली. का, ते तिला सांगता येईना. सासूबाईंनी पदर पुढे केला. मी पिनांकडे लक्ष ठेवलं, कारण कुणीतरी ठेवायला हवं.

नियम ६ : बुन्युएलो. लाल भोपळ्याचे, मधे भोक पाडलेले, वर साखर. जिथे बाई बोटांनी भोक पाडून थेट तेलात सोडतेय तिथेच घ्यावेत, आणि उभ्याउभ्या खावेत. आजी “वेलची घालायला सांग तिला” म्हणाल्या तर भाषांतर करू नये.

नियम ७ : पाएया. रस्त्यावर संत्र्याच्या लाकडांवर शिजते. भातात कोंबडी, ससा, चपट्या शेंगा, पांढरा मोठा वाल, केशर. कांदा नाही. शाकाहारी माणसाने शेंगा वेचून खाव्यात किंवा घरून जेवून यावं. “कोलंबी घातली तर?” हा प्रश्न मोठ्याने विचारू नये, अशा पदार्थाला इथले लोक पाएया न म्हणता ‘भात आणि काहीबाही’ म्हणतात. तळाची खरपुडी कुणाला मिळते त्यावरून मंडळातलं वजन कळतं. कुटुंबप्रमुखाला अजून मिळालेली नाही. तो भांडी घासतो. घरची नाही.

नियम ८ : क्रेमा, म्हणजे १९ तारखेच्या रात्रीचं दहन. आधी लहान मुलांचे मनोरे पेटतात, मग मोठे. पुढाऱ्यांची टिंगल करणारे हे पुतळे, म्हणजे निनोत, हल्ली बहुतेक थर्माकोलचे असतात, त्यामुळे धूर काळाकुट्ट. दोरीवरचे कपडे दुपारीच आत घ्यावेत. अग्निशामक दल आधी येऊन आजूबाजूच्या भिंती भिजवतं; त्यांची वाट बघण्यातच रात्र वाढते, तेव्हा मुलांना संध्याकाळी झोपवून घ्यावं. १९३४ पासून लोकांच्या मतांनी मोजक्या निनोतांना माफी मिळते आणि ते संग्रहालयात जातात. आमच्या गल्लीच्या नशिबी माफी कधी आलेली नाही. आमच्या मनोऱ्यातली फक्त चष्मेवाली म्हातारी वाचावी म्हणून माझ्या मुलीने फार खटपट केली होती.

आग लागली तसे माझे सासरे पुढे झाले आणि विचारते झाले, “बोंब कधी मारायची?” कुटुंबप्रमुख म्हणाला, “बाबा, इथे नसते.” बाबांनी होळी पाहिली, हात तोंडाशी नेला आणि मारली. क्षणभर सगळे गप्प. मग मंडळाच्या अध्यक्षांनी मारली, मग पोरांनी, मग बँडवाल्यांनीही. आता दरवर्षी कासालमधून विचारणा होते, आजोबा कधी येताहेत?

नियम ९ : २० तारखेला आराम मिळेल अशी आशा धरू नये. सकाळपर्यंत रस्ते धुऊन चकचकीत होतात आणि मार्च सरायच्या आत पुढच्या वर्षाची नावनोंदणी सुरू होते. कुटुंबप्रमुखाकडे या वेळी लॉटरी सोपवली आहे. म्हणजे नाताळच्या लॉटरीची तिकिटं मंडळाच्या नावाने विकायची. पाच युरोचं तिकीट, चार युरो खेळात, एक मंडळाला. शहरातली मराठी घरं त्याला येताना पाहून दिवे मालवायला लागली आहेत. गठ्ठा आमच्या जेवणाच्या टेबलावर पडलेला आहे. नियमावली इथवर वाचणाऱ्यांनी निदान दोन तरी घ्यावीत. पैसे आगाऊ.