उजेडाकडे धर

सर बाजारात वांगंसुद्धा उजेडाकडे धरून बघतात. वांग्यातून उजेड दिसत नाही, हे त्यांनाही कळतं. पण तालुक्याच्या आयटीआयत तीसेक वर्षं फिटरच्या पोरांचे जॉब तपासल्यावर हात आपोआप वर जातो. पोराने लोखंडाचा तुकडा कानशीने घासून आणला की सर त्यावर गुण्या टेकवणार आणि म्हणणार, "उजेडाकडे धर." पात्याखालून केसाएवढी रेघ चमकली तरी निकाल ठरलेला. "चोर शिरेल एवढी फट आहे. घास."

सरांचा हुद्दा शिल्प निदेशक, व्यवसाय जोडारी. जोडारी म्हणजे फिटर. शेजारच्या शेडमधला टर्नर हा कातारी आणि पलीकडचा वेल्डर म्हणजे संधाता. हे शब्द शासनाचे. "पोराला संधाता करायचंय" म्हणून फॉर्म मागणारा बाप सरांना अजून भेटायचा आहे.

असे सर बहुतेक तालुक्यांत एक तरी असतातच. आमचे नेमके शेजारी राहतात. पेनाच्या शेजारी खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. लग्नात पंगतीला बसले की वाढप्याकडे लक्ष नाही, बोट टेबलाखाली वेल्डिंगवरून फिरतंय. मग खिन्न होऊन म्हणतात, "आपल्याच पोराचं दिसतंय."

दरवर्षी नवी बॅच आली की 'बास्टर्ड' नावाची कानस दाखवायचा दिवस येतो. पोरं खाली माना घालून खिदळतात. सर शांतपणे थांबतात. "हसून घ्या. पुढं हीच घासायची आहे."

दिल्लीत व्यवसाय शिक्षणाची सुधारणा झाली की ती परिपत्रक होऊन सरांच्या टेबलावर उतरते. सर चष्मा कपाळावर सारून तेही खिडकीकडे धरतात. 2013 साली सेमिस्टर पद्धत आली, तेव्हा जुन्या वार्षिक नोंदवह्या रद्दीत निघाल्या होत्या. सरांनी त्या सुतळीने बांधून माळ्यावर टाकल्या. "राहू दे. परत लागतील." 2018 साली वार्षिक पद्धत परत आली. सरांनी धूळ झटकली आणि स्वतःच्या पैशाने सगळ्या स्टाफला भजी खिलवली.

मधल्या काळात आयटीआय श्रम मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. लेटरहेड बदललं, ड्रिल मशीनचा पट्टा तोच राहिला. मग एनसीव्हीटीच्या जागी एनसीव्हीईटी आली. "एक 'ई' वाढला. बघू, त्याबरोबर एखादी कानस वाढते का." थिअरीचा पेपर संगणकावर गेला, तेव्हा म्हणाले, "आता पोरं चार पर्यायांतून बरोबर कानस निवडतात. धरायची कुठून, ते विचारू नका."

जर्मनीसारखं दुहेरी प्रशिक्षण आलं, तेव्हा मात्र सर खूश होते. थोडे दिवस वर्गात, थोडे दिवस कारखान्यात, हे त्यांना मनापासून पटलेलं. "पण जर्मनीत पोरगा आधी कंपनीशी करार करतो, शिकता शिकता पगार घेतो, आणि मग शाळेत येतो. आपल्याकडं कंपनी शोधत मीच फिरतो, एलआयसीच्या एजंटासारखा." हे म्हणताना मात्र त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

वैताग म्हणाल तर तोही आहे. आमच्या न्हाणीघराची कडी बसत नव्हती. सरांनी पाच मिनिटांत करून दिली असती. पण नाही! माझ्या मुलाला घरच्या वाईसपुढे उभं केलं. "पायात अंतर ठेव. ढकलताना दाब, ओढताना सोड." असे तीन रविवार. तोवर घरातला प्रत्येक जण आंघोळ करताना मोठ्याने गाणी म्हणत होता, माझे वडीलसुद्धा. चौथ्या रविवारी कडी खट्कन बसली. मुलगा दिवसभर ती लावत होता आणि काढत होता.

2025 साली केंद्राने 1,000 आयटीआय सुधारायला 60,000 कोटींची योजना मंजूर केली. काही संस्था हब, बाकीच्या स्पोक. मी उत्साहाने बातमी वाचून दाखवली. सरांनी चहा बशीत ओतला. "हब आणि स्पोक म्हणजे सायकलचं चाक. चांगलं आहे. पण त्याचा आउट कोण काढणार? कातारीच्या शेडमध्ये तासिका तत्त्वावरचा पोरगा आहे. त्याचे पैसे चार-चार महिने येत नाहीत." मग बशी रिकामी करून हळूच विचारलं, "यादी आली का? आपलं नाव आहे का बघा जरा."

त्यानंतर काही महिन्यांनी सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला चाकणहून, रांजणगावहून जुनी पोरं आली. एकदोघांची पोटं सुटली होती, तरी सरांसमोर हात मागे बांधून उभी. सगळ्यांनी मिळून एक मोठं भिंतीवरचं घड्याळ दिलं. सरांचे डोळे भरले, बोलणं काही झालं नाही.

घरी येताच त्यांनी घड्याळाच्या चौकटीला गुण्या लावला आणि उजेडाकडे धरलं. घड्याळ सध्या वाईसमध्ये आहे.