सव्वातीनशे टक्

स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या पोटात दोन खणांची एक डुलती वाटी असते. नरसाळ्यातून पाणी ठिबकतं, एक खण भरला की वाटी कलंडते, लोहचुंबक स्विचसमोरून सरकतो. टक्. पुष्कळ यंत्रांत एक टक् म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे अतिवृष्टीची रेघ आहे २४ तासांत ६५ मिलिमीटर. म्हणजे सव्वातीनशे टक्. तीनशेव्या टक्‌ला वाटीत काडी अडकली, तर शेतात गुडघाभर पाणी असलं तरी नोंदीत अतिवृष्टी नाही.

एवढं त्या वाटीवर अवलंबून आहे, म्हणून मी ती स्वतः हाताळून पाहायची ठरवली. ईएसपी३२ बोर्ड, तापमान मोजणारा बीएमई२८० सेन्सर, लहानसं सोलर पॅनेल, एक बॅटरी, २० सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं आणि त्याखाली तशीच डुलती वाटी. काही हजारांत परसात हवामान केंद्र उभं राहिलं. पहिल्याच दुपारी तापमान ४६ अंश! सावलीतला साधा तापमापक ४१ म्हणत होता. सेन्सरवर ऊन पडत होतं, दुसरं काही नाही. कुंडीखालच्या पांढऱ्या बशा आणल्या, मधोमध भोकं पाडली, उलट्या एकावर एक रचल्या, मध्ये बोटभर फट ठेवली आणि आत सेन्सर टांगला. आकडा ताळ्यावर आला.

मग पाऊस. या नरसाळ्यात एक लिटर पाणी अगदी हळू ठिबकू दिलं, तर १५९ टक् व्हायला हवेत. झाले १४१. तसंच सोडलं असतं, तर खऱ्या ६५ मिलिमीटरला यंत्रानं साडेसत्तावन्न सांगितले असते. वाटीखालचे दोन स्क्रू किंचित वर घेतले आणि पुन्हा लिटरभर पाणी ठिबकवलं. असं पाच वेळा. अख्खी सकाळ गेली, पण आकडा जुळला.

हे काम कुणाच्याही परसात होऊ शकतं. मग गावागावांत का होत नाही? महावेध प्रकल्पानं राज्यात २ हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसवली. मोठं काम आहे ते. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात, आणि वळवाचा पाऊस बांध ओलांडला की थांबतो. केंद्र एका शिवारात, ढग दुसऱ्याच शिवारावर फुटतो. त्या दुसऱ्या शिवाराची साक्ष कोण देणार?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीनं स्वतःचं स्वस्त केंद्र उभारावं, मोकळ्या जागी, झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. शेजारी साधा हातानं मोजायचा पर्जन्यमापक हवाच, कारण धो-धो पावसात वाटी कलंडेपर्यंतचं थोडं पाणी निसटतं आणि नोंद कमी पडते. रोज सकाळी साडेआठला दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. आणि देखभालीचे पैसे खरेदीच्याच दिवशी बाजूला काढावेत. केंद्रं महाग असतात म्हणून बंद पडत नाहीत. नरसाळं कुणी पुसत नाही, बॅटरी कुणी बदलत नाही, म्हणून पडतात.

आफ्रिकेत झांबियामध्ये २०१६ पासून थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या भागांची केंद्रं लावली आहेत. तिथली युक्ती मला फार आवडली: भाग तुटला की तिथंच नवा छापायचा, परदेशाकडे डोळे लावून बसायचं नाही. आपल्या तालुक्याच्या आयटीआयमधल्या पोरांना हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये.

नाशिकचे काही द्राक्षवाले पान किती तास ओलं राहिलं हे सेन्सरवर बघून डाऊनी रोगावरची फवारणी ठरवतात. एक फवारणी वाचली तरी औषध, डिझेल, मजुरी वाचते. मग कोरडवाहू सोयाबीनवाल्यानं शेजारच्या शिवारातल्या आकड्यावर का भागवायचं?

परवा सकाळी माझ्या नरसाळ्याच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलेलं दिसलं. रात्री बराच पाऊस झाला होता आणि नोंद होती फक्त ११ टक्. जाळं काढलं, नरसाळं पुसलं, लिटरभर पाणी ठिबकवलं. १५९.