वायसरला विचारतो कोण!

खरा सुतार अजूनही जमिनीवर फतकल मारून, पायाच्या अंगठ्यात लाकूड धरून रंधा मारतो आणि त्यावर संसार चालवतो. पुण्याच्या बाल्कन्यांत सध्या उगवलेल्या हौशी सुताराला मात्र आधी वर्कबेंच लागतं. रंधा नंतर बघू. बेंचही कसं, तर व्हिडिओतल्या गोऱ्या काकांकडे असतं तसं: खांबासारखे पाय, जाडजूड आडव्या पट्ट्या आणि घर बदललं तर सुटं करून नेता यावं म्हणून सगळे सांधे नट-बोल्टांचे. इथवर काही बिघडलेलं नाही. भाड्याच्या घरात सुटं होणारं सामानच शहाण्याचं. माणूस बिघडतो तो बोल्ट घ्यायला बोहरी आळीत शिरल्यावर.

रविवार पेठेतल्या त्या गर्दीत काउंटरवर कोपर टेकून पहिला प्रश्न, "८.८ ग्रेड आहे का?" कुठेतरी वाचलेलं असतं ना! ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसणारं पोलाद. यंत्राला, गाडीला ते हवंच. पण साधा ४.६ ग्रेडचा १० मिलिमीटरचा बोल्टसुद्धा सव्वा टनाहून जास्त ओढ निमूट सहन करतो. बेंचवर हत्ती बसवणार आहात का? एवढा ताण येण्याच्या कितीतरी आधी नटाखालचं लाकूड चेपून आत जातं. जुन्या पॅलेटचं पाईन असेल तर बघायलाच नको. पण लाकडाची ग्रेड कोणी विचारत नाही, कारण त्याच्या डोक्यावर आकडा कोरलेला नसतो.

दुसरी हौस स्टेनलेसची. चकाकतं म्हणून. नेहमीचा ३०४ स्टेनलेसचा बोल्ट ८.८ पेक्षा कमीच ताकदीचा, किंमत मात्र तोऱ्याची. शिवाय कोरडाच आवळला तर आटे एकमेकांना असे धरून बसतात की नट ना पुढे जातो ना मागे. मग बेंच सुटं करायचं तर बोल्ट कापा. मालवणात समुद्राकाठी, उघड्या पडवीत बेंच ठेवणार असाल तर जरूर घ्या आणि आट्यांना ग्रीस लावा. सदाशिव पेठेतल्या बंद बाल्कनीला झिंक चढवलेलं लोखंड पुरे.

नटाशिवाय थेट लाकडात पिळायचा कोच स्क्रूही स्वस्त दिसतो, पण पट्टीच्या टोकात, जिथे लाकडाच्या रेषा संपतात तिथे, त्याची पकड कच्ची. दोनदा काढला-घातला की खेळ संपला.

मग घ्यायचं काय? थ्रेडेड रॉड. एक मीटर लांबीची, टोकापासून टोकापर्यंत आटे पाडलेली साधी सळई. हव्या त्या लांबीचे तुकडे घरी पाडता येतात, म्हणून लांब बोल्टांपुढे ही बहुधा स्वस्तच पडते. तुकडा पायातून आरपार जाऊन आडव्या पट्टीच्या टोकात शिरतो. पट्टीच्या आतल्या अंगाला पटाशीने चौकोनी खिडकी पाडायची, तिथे एक नट. पायाच्या बाहेर दुसरा. कापायची एक युक्ती: हॅक्सॉ लावण्याआधी तुकड्यावर नट चढवून ठेवा. कापून झालं, कडेवर कानस मारली, की नट उलटा फिरवत टोकाकडून बाहेर काढा. कापताना दबलेले आटे तो जाता जाता सरळ करतो. आटे पाडायचं हत्यार विकत घ्यायला नको. व्हिडिओवाले ते हत्यारही विकतात, ही गोष्ट वेगळी.

एक मात्र सांभाळा. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, पण कित्येक दुकानांत अजून सूतच चालतं. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, साडेनऊ मिलिमीटर. दहाचा नट त्यावर चढतो, खुळखुळतो आणि जोर लावला की दगा देतो. रॉड आणि नट एकाच दुकानातून, एकाच मापात घ्या आणि नट तिथेच फिरवून बघा. मागचं गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू दे.

आता राहिला वायसर. दुकानदार सुट्ट्या पैशांसारखे मूठभर साधे वायसर पुडीत टाकतो आणि आपणही मोजत नाही. खरं बेंच यावरच उभं राहतं. दहाच्या बोल्टाचा साधा वायसर २० मिलिमीटर व्यासाचा, मोठा ३० चा. भोक वजा केलं तर मोठ्याखाली पावणेतीन पट लाकूड भार घेतं. साधा वायसर पाईनमध्ये असा रुततो की वर्षभरात सांधा डुगडुगायला लागतो आणि हौशी सुतार पुन्हा बोहरी आळीत हजर: "१२.९ ग्रेड आहे का?"

तेव्हा ८.८ चे पैसे वाचवा आणि ३० मिलिमीटरचे जाड वायसर घ्या, पातळ पत्र्याचे नकोत. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग सुकून आक्रसतं आणि नट ढिले पडतात. म्हणून खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावून झालं की नटांवर एकदा पाना फिरवा. होळीच्या सुमाराला आणखी एकदा.