होऊ घातलेला घाटाचा राजा

स्वयंपाकघरातला वजनकाटा सापडेनासा होतो. शोधाशोध केल्यावर तो बेडरूममध्ये, सायकलच्या बाटलीचा स्टँड डोक्यावर घेऊन बसलेला दिसतो. असं झालं, की त्या घरात एक रेसर जन्माला आला असं खुशाल समजावं. जन्मवेळी त्याचं वय साधारण बेचाळीस असतं आणि वजन ब्याऐंशी किलो.

ही जमात पुण्यात कुठेही आढळते. कोथरूड, बाणेर आणि सिंहगड रस्ता या पट्ट्यात जरा दाट. हा गृहस्थ कामावर सायकलने जात नाही. कामावर सायकलने त्याचे वडील जात; खडकीपर्यंत, रोज, हँडलला डबा अडकवून, पालिकेचा बिल्ला आणि रात्रीचा दिवा सांभाळत, आणि पोलीस दिसला की डबल सीटवरच्या मित्राला खाली उतरवत. चिरंजीव मोटारीने हिंजवडीला जातात आणि सिग्नलला उभे असताना मोबाइलवर उद्याचं ट्रेनिंग बघतात.

त्याची सायकल कार्बनची, आठ किलोची. ती साडेसात किलोवर आणायचा त्याला ध्यास लागलाय. जागतिक सायकल महासंघाच्या नियमानुसार शर्यतीतल्या सायकलचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी चालत नाही. माणसाच्या वजनाबद्दल महासंघाने मौन पाळलं आहे, आणि तेच याच्या पथ्यावर पडलंय. दीडशे ग्रॅम वाचवण्यासाठी त्याने सीटखालचा दांडा बदलला, त्याची किंमत घरात निम्मीच सांगितली. आई म्हणाली, "अरे, त्यापेक्षा बाटली अर्धी भरून ने की." यावर क्रीडाविज्ञानाकडे आजही उत्तर नाही.

मग येते ती वॅटची परीक्षा. सायकलचं मागचं चाक काढून ती गॅलरीतल्या ट्रेनरवर बसवायची, वीस मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं, सरासरी जितके वॅट येतील त्याचे ९५ टक्के धरायचे. तेवढी ताकद माणूस साधारण तासभर टिकवू शकतो असा हिशोब असतो. पहाटे साडेपाचला हा प्रयोग होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटतं, वर कुणी तरी पुरणाचा घाट घातलाय. घामाच्या थारोळ्यातून उठून तो जाहीर करतो, "एकशे शहाऐंशी वॅट!" आई विचारते, "म्हणजे किती रे? आपला मिक्सर साडेसातशेचा आहे." आता तिला कसं सांगणार, की खरी मोजणी वॅट भागिले किलो अशी असते; टूर द फ्रान्समध्ये घाट मारणारे किलोमागे सहाच्या आसपास जातात आणि आपला मुलगा सव्वादोनवर आहे? आणि सांगितलं, तर ती मिक्सरचं वजन विचारेल.

हवा हा त्याचा पुढचा शत्रू. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा, तर हवा कापायला लागणारी ताकद सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. हे कळल्यापासून तो खाली वाकून चालवतो. वाकल्यावर पोट मध्ये येतं आणि गुडघा दर फेरीला त्याची विचारपूस करून जातो. त्यावर उपाय म्हणून त्याने हवेला अलगद वाट देणारं हेल्मेट घेतलंय.

बुटाला खालून कुलूप लागणारी पेडलंही घेतली. पाय सोडवायला टाच बाहेर फिरवायची, एवढंच. हे एवढंच नळ स्टॉपच्या सिग्नलला नेमकं आठवत नाही. ताशी शून्य किलोमीटर वेगाने, पुरेसा वेळ घेऊन, चारी बाजूंच्या वाहनांच्या साक्षीने तो डावीकडे कलतो आणि पडतो. दोन्ही पाय अजून पेडललाच. रिक्षावाला डोकावून विचारतो, "काका, लागलं का?" कोपर चार दिवसांत बरं होतं. 'काका' बरं व्हायला महिना लागतो.

खाण्याचा अध्याय निराळाच. दीड-दोन तास जोरात चालवलं की शरीरातला साखरेचा साठा संपत येतो, म्हणून लांबच्या राइडवर ताशी साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. अडीच केळी, झालं. पण केळं खाणारा रेसर दिसत नाही. म्हणून तो जेल घेतो. एका पुडीच्या पैशात डझनभर केळी येतात. त्यात घरी साखर बंद, भात बंद. परिणामी एका रविवारी डोणज्याच्या पुढे चढावर त्याचे दिवे जातात. डोळ्यांपुढे काजवे, पाय दुसऱ्याचे, आणि स्वतःच्या मुलांची नावं आठवेनात. तसाच उतरून तो टपरीवर येतो आणि एकामागून एक तीन क्रीमरोल चहात बुडवून खातो. सहाव्या मिनिटाला जग पुन्हा रंगीत होतं. घरी मात्र 'न्यूट्रिशनचा एक प्रयोग केला' एवढंच कळवलं जातं.

पण त्याची खरी अडचण साखर, हवा, वजन यांपैकी एकही नाही. त्याला हळू चालवता येत नाही. दम टिकवणाऱ्या खेळांत जे वरच्या पातळीवर पोचतात, त्यांचं बहुतेक ट्रेनिंग, सुमारे ऐंशी टक्के, अगदी सावकाश चाललेलं असतं. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील, इतकं सावकाश. उरलेलं मात्र जीव काढणारं. आपल्या माणसाच्या वेळापत्रकातही मंगळवारी जोर, गुरुवारी जोर आणि बाकीचे दिवस हळू असंच लिहिलंय. मंगळवारचं मीटिंगमुळे बुडतं. बुधवारी तो हळू निघतो, आणि खडकवासल्याच्या रस्त्यावर मागून एखादी कॉलेजकन्या सायकलवरून 'गुड मॉर्निंग अंकल' म्हणत पुढे जाते. संपलं! त्या क्षणी वेळापत्रक, हृदयाचे ठोके, प्रशिक्षकाची फी, सगळं वाऱ्यावर. असं करत त्याचा प्रत्येक दिवस मधल्याच वेगाने जातो. शरीराला विश्रांती मिळावी इतका तो हळू नाही, आणि काही शिकावं इतका जोरात नाही. सहा महिन्यांनी वॅट तितकेच, दमणं दुप्पट.

विश्रांतीचा भाग मात्र त्याने मनापासून उचललाय. ताकद वाढते ती सायकलवर नव्हे, नंतरच्या आरामात, हे त्याने वाचलंय. आणि ते खरं आहे. त्यामुळे रविवारी दुपारी तो पाय भिंतीला लावून पडतो. "अहो, रिकव्हरीत भांडी लावलेली चालतात का?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून येतो. तो डोळे मिटून घेतो.

गटात चालवण्याचे धडे बोपदेव घाटाच्या अलीकडे मिळतात. पुढच्याच्या चाकाला अर्ध्या मीटरवर चिकटून राहिलं की वारा तो खातो आणि मागच्याचे पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. हे तत्त्व त्याला लगेच पटतं. सोसायटीच्या कमिटीत तो इतकी वर्षं असाच बसलाय. पुढे जायची पाळी आली की त्याच्या गिअरमध्ये काही तरी बिघडतं. मागच्यांना खड्डा हाताने दाखवायचा, असाही एक नियम आहे. पुण्यात तो प्रामाणिकपणे पाळला तर हात हँडलवर परत येत नाही.

स्वप्नं मात्र छोटी नाहीत. टूर द फ्रान्समध्ये डोंगरातल्या पहिल्याला १९७५ पासून लाल ठिपक्यांची जर्सी देतात. तशी जर्सी त्याने ऑनलाइन मागवलीये, पण ती तो घरातच घालतो, एवढी लाज शिल्लक आहे. मनात खरा किताब आपल्याकडचाच. मुंबई-पुणे शर्यतीत बोर घाट सर्वांत आधी सर करणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून त्याने ते सायकलवाले बघितले होते. ते आपल्यासारखे दिसत नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

शेवटी त्याची पहिली शर्यत येते: शहराबाहेर, पहाटे, नवशिक्यांचा गट. सांगलीकडची पोरं रस्त्याकडेला बसून घरची चपाती-चटणी खात असतात. हा चार जेल खिशात कोंबून, घड्याळ, वॅटमापक आणि ठोकेमापक यांची एकमेकांशी ओळख करून देत असतो. शिट्टी होते. पहिले काही किलोमीटर तो घोळक्याच्या पोटात आरामात वाहत जातो आणि त्याला वाटतं, अरे, हे तर सोपं आहे! मग एक चढ येतो. चढ कसला, कॅनॉलवरचा पूल. पुढच्याचं चाक अर्धा मीटर होतं ते एक मीटर, मग दोन, मग दहा मीटर लांब जातं. वारा आता सगळा त्याच्या एकट्याचा. थोड्या वेळाने मागून रुग्णवाहिका येते आणि ताशी चोवीसच्या वेगाने सोबत करते.

माझ्या मते रेसर घडतो तो या रुग्णवाहिकेपुढे. बरेच जण इथे सायकल विकायला काढतात, 'फक्त चारशे किलोमीटर चाललेली, एकहाती वापर' असं लिहून. आपला गृहस्थ मात्र शेवटून दुसरा येतो, मिसळीच्या दोन प्लेट संपवतो आणि पुढच्या बुधवारी खडकवासल्याच्या रस्त्यावर खरोखरच हळू चालवताना दिसतो. कॉलेजकन्या पुढे जाते. तोही तिला 'गुड मॉर्निंग' म्हणतो, पूर्ण वाक्यात.

तेव्हा वाचकहो, पहाटे त्या बाजूला मोटार घेऊन गेलात आणि पुढे ठिपक्यांची नसलेली जर्सी दिसली, तर दीड मीटर अंतर सोडून जा आणि कृपा करून हॉर्न वाजवू नका. दचकला तर त्याला थांबावं लागेल, आणि पेडलमधून पाय त्याला अजूनही वेळेवर काढता येत नाही.