गोम

चित्रापुढे उभे राहिले की नानाकाका आधी चष्मा पुसतात, मग मान तिरकी करतात आणि पुटपुटतात, “गोम आहे!” युरोपातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रात पान असो, पाखरू असो, ते नुसतं असूच शकत नाही. रफाएलच्या बाळ येशूजवळचा गोल्डफिंच? पुढच्या यातनांची खूण. संपलं. पक्षी कसा काढलाय, हे काका बघणार नाहीत.

फ्लॉरेन्सच्या उफिझीत टूर मॅनेजर छत्री उंचावून पुढच्या दालनात गेला, तरी काका ह्यूगो व्हान डर गूसच्या त्या अवाढव्य चित्रापुढून हलेनात. देवदूत, मेंढपाळ, नवजात येशू राहिले वर; काका खालच्या फुलांपाशी ओणवे. “कोलंबाइन म्हणजे मेरीचं दुःख. आयरिसची पाती म्हणजे काळजातली तलवार. गव्हाची पेंढी म्हणजे प्रभुभोजनाची भाकर!”

“अहो, आधी फूल तर बघा,” काकू म्हणाल्या. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. “पाकळीमागचा बाक बघा. रोप समोर ठेवल्याशिवाय असा येत नाही.”

पण हे चित्र करवून घेणारा पोर्तिनारी मेदिची बँकेच्या ब्रुज शाखेचा मॅनेजर होता आणि त्याच्या कर्जवाटपात शाखा बुडाली, हे कळल्यावर बँकेतून निवृत्त झालेले काका मोहरलेच. “एनपीए! तरीच देवाला एवढं मोठं चित्र!”

ड्यूररच्या १५०३च्या गवतानं मात्र त्यांना छळलं. घरच्या अल्बममध्ये आहे ते. ना देव, ना माणूस. डँडेलियन, उभ्या शिरांचा प्लँटेन, गवताची पाती, खाली मातीतली मुळं. काकू विजयी. काका कित्येक दिवस गप्प. मग एका सकाळी, “अगं, डँडेलियनचा पाला कडू असतो. ख्रिस्ताच्या यातना!” रात्री काकूंनी अवाक्षर न काढता कारल्याची भाजी वाढली.

आता ड्यूररचाच १५१५चा गेंडा चालू आहे. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगिजांना दिलेला, गोव्याहून जहाजानं लिस्बनला गेलेला. मूळचे पेडण्याचे काका तो माहेरचाच असल्यासारखा सांगतात. ड्यूररनं तो पाहिलाच नव्हता. कुणाचं तरी वर्णन आणि रेखाटन एवढ्यावर काढला, वर पाठीवर एक जादा शिंग.

“या शिंगात गोम आहे,” काका.

“ते चुकलंय,” काकू.

“अगं, चुकण्यातच तर गोम आहे!”