पिवळ्या बुटांचा माणूस

"कळलं का सुलूवहिनी, त्या पिवळ्या बुटांच्या माणसाला घेतलं एकदाचं!"

"कुठला हो माणूस? कोपऱ्यावरच्या बंगल्यातला?"

"छे! टॉम बॉम्बाडिल. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला. 2024 मध्ये त्या 'रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये दाखवला, रोरी किनिअरनं काम केलंय."

"कमलताई, मी नातवाबरोबर तिन्ही सिनेमे पाहिलेत. असा कोणी नव्हता."

"कसा असेल? पीटर जॅक्सननं 2001च्या सिनेमात त्याला गाळलाच. 1978च्या कार्टूनपटात नाही, 1981 मध्ये बीबीसीनं रेडिओवर मालिका केली त्यातही नाही."

"मग असेल काहीतरी खोट."

"खोट कसली? त्याला गोष्टीत बसवायचा कुठे, हीच पंचाईत! ऐका तर. ते चार हॉबिट, म्हणजे बुटकी माणसं, घर सोडून निघतात आणि जुन्या रानात शिरतात. तिथलं म्हातारं विलोचं झाड बुंध्यात दोघांना गिळून बसतं. तेवढ्यात निळा कोट, पिवळे बूट, टोपीत पीस, असा हा गात गात येतो. झाडाला असा काही दम भरतो की ते मुकाट्यानं दोघांना सोडतं."

"नुसत्या दमावर? आणि रानात करत काय होता?"

"बायकोसाठी कमळं तोडायला आला होता. गोल्डबेरी तिचं नाव, नदीची लेक."

"बघा! आणि आमच्या ह्यांना कोपऱ्यावरून गजरा आणवत नाही."

"पुढची गंमत ऐका. ज्या अंगठीपायी सगळं जग पेटलंय, ती हा त्या चौघांतल्या फ्रोडोकडून मागून घेतो आणि करंगळीत घालतो. काही होत नाही! बाकी कोणीही घातली की दिसेनासा होतो, हा आपला समोर हसत उभा. वर अंगठी हवेत उडवून तिलाच गायब करतो आणि परत देतो. मग फ्रोडो ती घालून हळूच सटकायला बघतो, तर हा म्हणतो, ये बाबा, बस इथं. ह्याला तोही दिसतो."

"अगं बाई! मग त्यालाच द्यायची ना अंगठी. मिटलं असतं."

"पुढे अंगठीचं काय करायचं ते ठरवायला एल्रॉन्डनं सभा भरवली, तिथं हाच विषय निघाला. जादूगार गँडाल्फ म्हणाला, नको. लोकांनी गळ घातली तर घेईलही, पण लवकरच विसरेल, नाहीतर देईल फेकून. ज्याला पैशाची हावच नाही त्याला भिशीचा खजिनदार केला, तर पेटी उघडीच राहायची ना, तसं. त्याला काही नको असतं, म्हणून अंगठीचा जोर त्याच्यावर चालत नाही. आणि काही नको असतं, म्हणूनच तो राखणदारीच्या कामाचा नाही."

"ते पटलं. पण हा आहे कोण? कुठला? घराणं?"

"तिथंच तर घोडं अडलंय. एल्फ म्हणतात सगळ्यांत जुना, बिनबापाचा. फ्रोडोनं थेट बायकोलाच विचारलं, तर तिनंही धड उत्तर दिलं नाही. वाचक मात्र गप्प बसतात थोडेच! कोणी म्हणतं देव, कोणी म्हणतं भूमीचा आत्मा, कोणी म्हणतं खुद्द लेखक टॉल्किनच."

"टॉल्किननं सांगितलं असेल ना कुठेतरी?"

"1954 साली पत्रात लिहिलं की काही कोडी सुटू नयेत आणि हे त्यातलंच एक, मुद्दाम ठेवलेलं. त्याआधी 1937 मध्ये प्रकाशकाला 'हॉबिट'चा पुढचा भाग हवा होता, तेव्हा त्यानं विचारलं होतं, ऑक्सफर्ड आणि बर्कशायरकडचा नाहीसा होत चाललेला गावशिवार म्हणजे माझा टॉम, त्याच्यावर लिहू का? कारण टॉम आधीपासूनच होता. 1934 मध्ये ऑक्सफर्डच्या एका मासिकात त्याच्यावर कविता आली होती. आणि त्याच्याही आधी तो होता बाहुला."

"बाहुला?"

"टॉल्किनच्या मुलाचा, मायकेलचा, टोपीत पीस असलेला लाकडी डच बाहुला. थोरल्या मुलाला, जॉनला, तो बघवत नसे. एक दिवस त्यानं तो संडासात कोंबला!"

"शी! मग?"

"काढला बाहेर. तेव्हापासून ह्याचं काही वाकडं होत नाही, असं माझं मत."

"मला नाही बाई असली माणसं आवडत. पोटापाण्याचं काय करतो, माहीत नाही. कुठून आला, माहीत नाही."

"अहो, सगळी लढाई संपल्यावर गँडाल्फसुद्धा हॉबिटांना वाटेत सोडून टॉमकडेच गेला. म्हणाला, आता त्याच्याशी निवांत गप्पा मारायच्यात."

"हो? काय बोलले मग दोघं?"

"ते लिहिलेलं नाही."

"हजारभर पानं लिहिली आणि नेमकं तेच राहिलं? कमलताई, पुरुषांना गप्पा सांगताच येत नाहीत हो!"